सशाच्या गाडीवरचा लाल टॅग

श्रीधरदादाला मी शेवटचं पाहिलं तेव्हा तो स्टुलावर उभा होता आणि माझ्यावर ओरडत होता. मे महिन्यातला शुक्रवार, कुवेतमधल्या सलवा भागातला त्याचा फ्लॅट, आणि बेडरूमचा एसी आठवडाभर खडखडत असलेला. मेकॅनिकला बोलावणं म्हणजे या माणसाला आपली डिग्री परत करण्यासारखं वाटायचं, त्यामुळे एसीचं तोंड उघडून तो स्वतःच आत डोकं घालून उभा होता. मी पॅसेजमधला दिवा लावायला बोर्डाकडे हात नेला एवढंच. "कुंदे, हात मागे घे. टॅग दिसत नाही तुला?" एसीचा खटका त्याने खाली पाडला होता आणि त्याला दोऱ्याने लाल टॅग बांधला होता. त्यावर त्याचं नाव, त्याच्या हातचं, सुवाच्य. मी म्हटलं, अरे, मी दिव्याचं बटण दाबतेय, रिफायनरी चालू करत नाहीये. तो म्हणाला, सुरुवात अशीच होते. मग पंख्याची एक पट्टी वाकली आहे, उद्या अम्गऱ्याच्या भंगारबाजारात जाऊन तसली मिळते का बघतो, असं सांगून तो खाली उतरला. उतरताना त्याने छातीवरून हात फिरवला होता, हे मला नंतर आठवलं… की आठवल्यासारखं वाटतंय, कोण जाणे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये नमुने लावत असताना नीलावहिनींचा फोन आला. दादा आंघोळीला म्हणून उठला आणि पॅसेजमध्येच खाली बसला. ॲम्ब्युलन्स आली, पण तिचा उपयोग झाला नाही. पुढचे दिवस कागदांचे गेले. परदेशात मेलेल्या माणसाला घरी न्यायला जिवंतपणी लागतात त्याहून जास्त शिक्के लागतात. नाशिकला गोदाकाठी सगळं झालं. मला रजा मिळाली नाही, त्यामुळे माझ्या मावशीचा एकुलता एक मुलगा, ज्याच्या भरवशावर मी या वाळवंटात आले, त्याला मी विमानतळाच्या मालधक्क्यावर निरोप दिला. याचा राग मला अजून आहे, आणि तो कुणावर काढावा हे कळत नाही.

दादा शुऐबाच्या एका कारखान्यात मेंटेनन्सचा इंजिनिअर होता. तिथे एक नियम आहे. कंप्रेसर असो की टाकी, माणूस आत काम करायला उतरला की बाहेरचा खटका पाडायचा आणि त्यावर त्या माणसाच्या नावाचा टॅग लावायचा. टॅगवर अरबी आणि इंग्रजीत छापलेलं असतं : आत माणूस काम करतो आहे, चालू करू नका. तो टॅग काढायचा हक्क फक्त त्याच माणसाचा. ज्याचा टॅग, त्याचा हात. आणि चालू करण्याआधी मोठ्याने विचारायचं, आत कोणी आहे का, आणि थांबायचं. दादाने हा नियम घरात आणला. गिझर, इस्त्री, मिक्सर, काही बिघडलं की त्यावर टॅग लटके. दुरुस्त झाल्यावर तो मिक्सरच्या भांड्याकडे बघून खणखणीत आवाजात विचारी, "आत कोणी आहे का?" आणि खरंच थांबे. वहिनी म्हणत, चटणीतल्या मिरच्या उत्तर देतील तुम्हाला. पाहुणे हसत, आम्हीही हसायचो. पण तरुणपणी कुठल्याशा कारखान्यात कुणीतरी न विचारता खटका वर केला होता आणि आत माणूस होता, असं वहिनींनी मला एकदा सांगितलं. दादा स्वतः त्याबद्दल कधी बोलला नाही.

त्याच्या हाताखाली नासर नावाचा एक कुवेती तरुण होता. कामात हुशार आणि बोलायला गोड. दादाला तो 'मुहंदिस' म्हणजे इंजिनिअर एवढंच म्हणे, पण शुक्रवारी घरी जेवायला नेई. त्यांचं घरही सलव्यातच, दोन गल्ल्या सोडून. नासरचे वडील अबू नासर यांचं बालपण मुंबईत गेलेलं. मोत्यांच्या आणि खजुराच्या व्यापारासाठी जुन्या कुवेती घराण्यांच्या पेढ्या मुंबईत असत, त्यांतली एक यांची. त्यामुळे म्हातारा अस्सल मुंबई हिंदी बोले, आणि आम्हा मराठी माणसांना "अपने गाँव का" म्हणे. त्या घराच्या गॅरेजमध्ये ताडपत्रीखाली एक गाडी होती. तिच्यासाठीच तर दादा तिथे ओढला गेला.

ती पहिल्यांदा पाहणाऱ्याला हसू येई. एवढीशी जपानी मोटार, दुसऱ्या महायुद्धाच्या आधीची. समोर उभं, निमुळतं नाक, बाजूला दोन बटबटीत दिवे, आत दोन सडपातळ माणसं नीट बसतील आणि मागे दोन मुलं कोंबता येतील इतकीच जागा. बॉनेटच्या टोकाला उडी मारणारा एक छोटा धातूचा ससा. कंपनीचं नाव कुणी घेत नसे, घरात ती 'सशाची गाडी'च होती. अबू नासरच्या वडिलांनी ती मुंबईत घेतली. विलायती गाड्यांपेक्षा खूपच स्वस्त, म्हणून लोक हिणवत, जपानी खेळणं म्हणत. पेढी आवरून ते परतले तेव्हा ती त्यांनी गलबतावर चढवून कुवेतला आणली. तेव्हा इथे मातीच्या भिंतींचं गाव होतं. डांबरी रस्ता नव्हता, ससा वाळूत रुतायचा, आणि अबू नासर नि त्यांचे भाऊ तो ढकलायचे. मग युद्ध सुरू झालं, सुटे भाग मिळेनात, गाडी उभी राहिली. पुढे तेल निघालं, लांबलचक अमेरिकन गाड्या आल्या, आणि ससा शेळ्यांच्या गोठ्यात गेला. नासरने ती तिथून काढली. वडिलांना त्या गाडीचा आवाज पुन्हा ऐकायचा होता, आणि मुलाला तो ऐकवायचा होता. एवढंच होतं ते. त्याने इंजिन सोडवलं, आणि उतावळा म्हातारा मध्येच हँडल मारून बघेल या भीतीने, थोडं गमतीने, कारखान्यातला लाल टॅग आपलं नाव लिहून स्टिअरिंगला बांधून टाकला.

हे १९९० च्या उन्हाळ्यातलं. ऑगस्टमध्ये इराकी सैन्य आलं. वहिनी तेव्हा नाशिकला होत्या, दादा एकटा अडकला. बसने बगदादमार्गे अम्मानला जाणाऱ्यांत त्याला जागा मिळवून दिली ती नासरने. घरी येऊन पाणी आणि खजूर हातात ठेवले. दादा त्याला म्हणत होता, तूही नीघ. नासर हसून म्हणाला, माझा टॅग लागलाय ना गाडीला, तो काढल्याशिवाय मी कुठे जातो. शरद ऋतूत इराकी सैनिकांनी त्याला घरातून उचलून नेलं. शेजाऱ्यांनी पाहिलं ते इतकंच, की त्याच्या पायात चपला नव्हत्या. सैनिकांनी गल्लीतल्या सगळ्या गाड्या पळवल्या, पण चाकं काढलेला आणि इंजिन सुटं पडलेला ससा पाहून ते हसले म्हणे, आणि ताडपत्री पुन्हा टाकून गेले. काय पण वाचलं आणि काय गेलं.

कुवेत सुटल्यावर दादा परत आला तेव्हा तेलाच्या पेटवलेल्या विहिरी विझल्या होत्या, पण भिंती अजून काळ्या होत्या. नोकरी पूर्ववत झाली. नासर मात्र हरवलेल्या युद्धकैद्यांमध्ये होता. शेकडो घरांत तेव्हा अशी एकेक जागा रिकामी होती, आणि माणसं परत येणार असं सगळेच धरून चालले होते. दादा पहिल्याच शुक्रवारी गॅरेजमध्ये गेला आणि सुट्या इंजिनाजवळ बसला. नासर येईपर्यंत काम थांबायला नको, असं त्याने म्हाताऱ्याला सांगितलं. मग वर्षानुवर्षं अम्गऱ्याच्या भंगारवाड्यांत हा माणूस धातूच्या ढिगाऱ्यांत वाकलेला दिसायचा. पिस्टन एका लेथवाल्याकडून घडवून घेतले, गास्केट नाशिकला कापून आणले. कारखान्यात कंप्रेसर बसवायला आलेल्या एका म्हाताऱ्या जपानी इंजिनिअरला त्याने एकदा गॅरेजमध्ये नेलं. तो गृहस्थ गाडीपुढे कमरेत वाकलाच. त्याने सांगितलं, की हिचं इंजिन मुद्दाम इतकं लहान ठेवलेलं, की त्यांच्या देशात परीक्षेशिवाय ही चालवता येई. डॉक्टर, दुकानदार, अगदी बायकाही चालवत. मग सरकारला लष्करी ट्रक हवे झाले आणि कारखान्याने छोट्या गाड्या करणं सोडून दिलं. "ही गाडी साध्या माणसांची होती," तो म्हणाला, "युद्धाला तिचा उपयोग नव्हता." दादा हे वाक्य पुढे येईल त्याला ऐकवायचा.

मी कुवेतला आले ती त्यानंतर, लॅब टेक्निशियन म्हणून, दादाच्याच ओळखीने. एका हिवाळ्यात इंजिन जुळून तयार झालं. मला तो शुक्रवार लख्ख आठवतो, कारण त्या दिवशी मला दादाचा भयंकर राग आला. अबू नासर इस्त्रीचा दिश्दाशा, म्हणजे पायघोळ झगा, घालून, अत्तर लावून, खुर्ची टाकून बसले होते. गाडी धुतलेली, ससा चमकत होता. दादाने तेल पाहिलं, पेट्रोल पाहिलं, आणि हात पुसून बाजूला उभा राहिला. म्हातारा म्हणाला, "मुहंदिस, अब चालू करो ना." दादाने स्टिअरिंगला लोंबणारा टॅग दाखवला आणि म्हणाला, "अम्मी, वो नासर निकालेगा." अम्मी म्हणजे काका. थोड्या वेळाने म्हाताऱ्याने आत जाऊन आमच्यासाठी चहा पाठवला, स्वतः बाहेर आला नाही.

परत येताना मी दादाला फाडून खाल्लं. नियम माणसांसाठी असतो की माणूस नियमासाठी, म्हाताऱ्याचं वय काय, एक इंजिन पाच मिनिटं चाललं तर कुणाचं काय जाणार होतं… तो गाडी चालवत राहिला. मग म्हणाला, "माणूस टॅग विसरून घरी गेला तर त्याच्या साहेबाने काढायचा असतो, कुंदे. पण आधी शोधायचं, खात्री करायची, आणि मग सगळ्यांसमोर सांगायचं की तो आत नाही. त्याचा साहेब मीच. मी बापासमोर उभा राहून कसं सांगू, तुझा पोरगा नाही म्हणून?" राग मात्र होताच, तो मी काही सोडला नाही.

तिथून पुढे दर शुक्रवारी दादा जायचा, स्पार्क प्लग काढायचा आणि हँडल घालून इंजिन हाताने फिरवायचा, तेल सगळीकडे पोहोचावं, काही धरून बसू नये म्हणून. पेटवायचं नाही, नुसतं फिरवायचं. अबू नासर शेजारी बसून जपमाळ ओढत. इंजिनातून हवेचा एक सुस्कारा येई, तेवढाच काय तो आवाज. मला ते सगळं वेडेपणाचं वाटे, आणि तरी वहिनींनी केलेल्या नारळाच्या वड्या पोहोचवायच्या निमित्ताने मीही जाऊन उभी राहत असे.

२००३ मध्ये इराकमध्ये पुन्हा युद्ध झालं, राजवट पडली, आणि वाळवंटातले खड्डे उकरले जाऊ लागले. नातेवाइकांचं रक्त घेतलं, हाडांशी ताडून बघायला. अबू नासरनी मला बोलावून घेतलं. एवढ्या वर्षांनी हाडातून काय कळतं, आणि चूक होऊ शकते का, हे त्यांना विचारायचं होतं. मी लॅबमध्ये शिकलेलं सगळं हिंदीत सांगितलं. चूक होण्याचा संभव फार कमी असतो, हेही सांगितलं, कारण खोटं बोलणं जमलं नाही. ते मान डोलावत राहिले. निघताना म्हणाले, "बेटी, मैं चाहता था तुम बोलो ग़लती होती है." दादा कोपऱ्यात उभा होता. त्या दिवशी तो मला सोडायला बाहेर आला नाही.

पुढच्या वर्षी नासर परत आला. जेवढा मिळाला तेवढा. दफनाला हजारो लोक होते, दादाही गेला, माती लोटली. तीन दिवस दिवाणियात, म्हणजे त्यांच्या बैठकीच्या खोलीत, लोक येऊन बसले. त्यानंतरच्या शुक्रवारी अबू नासरनी आम्हा तिघांना बोलावलं. खुर्ची त्याच जागी होती. दादाने प्लग बसवले, पेट्रोल घातलं, आणि स्टिअरिंगपाशी जाऊन उभा राहिला. इतक्या वर्षांत टॅगचा रंग विटून गुलाबी झाला होता, पण नासरचं अक्षर वाचता येत होतं. गाठ आवळून दगड झालेली, ती सुटेना, आणि तो दोरा कापायलाही तयार नव्हता. अखेर सुटली. मग त्याने गाडीच्या उघड्या दारातून आत बघून, कारखान्यात विचारत तसं, मोठ्याने इथल्या बोलीत विचारलं, "अकू अहद दाखिल?" आत कोणी आहे का?

तो थांबला. आम्ही सगळे थांबलो. बाहेर गल्लीत कुणाची तरी गाडी गेली. दादा पुढे होईना. त्याने पुन्हा विचारलं नाही आणि हँडललाही हात लावला नाही, नुसता उभा राहिला, आणि मला वाटलं, हा आता असाच उभा राहणार. मग खुर्चीतून आवाज आला. "माकू," अबू नासर म्हणाले. नाही. "माकू अहद, या मुहंदिस." कोणी नाही, इंजिनिअर.

दादाने हँडल मारलं. गाडी खोकली, थांबली, पुन्हा मारलं, आणि निळा धूर सोडत ती चालू झाली. शिलाईचं मशीन पळवावं तसा टकटक आवाज. तो गॅरेजभर होऊन बाहेर गेला. अबू नासर डोळे मिटून ऐकत होते, आणि बघता बघता हुंदके देऊ लागले. त्यांनी मुलाच्या दफनात डोळ्यांतून टिपूस काढलं नव्हतं, असं त्यांच्या घरच्यांनी नंतर सांगितलं. वहिनी माझा दंड घट्ट धरून होत्या. थोड्या वेळाने दादाने इंजिन बंद केलं. तो टॅग त्याने अबू नासरच्या हातात दिला. त्या दिवसानंतर तो गॅरेजमध्ये गेला नाही. म्हातारा बोलवी, हा काहीतरी कारण सांगे. एकदा मी खोदून विचारलं तेव्हा म्हणाला, बारा-तेरा वर्षं मी त्या दोऱ्याने त्या पोराला इथे धरून ठेवलं होतं, आता तिथे काय करू. दादा बदलला तो तेव्हापासून. पाहुण्यांना सशाच्या गाडीची गोष्ट सांगणं बंद झालं. मिक्सरसमोर प्रश्न विचारायची सवय मात्र सुटली नव्हती, फक्त आवाज पहिल्यासारखा खणखणीत राहिला नाही.

दादा गेला त्याच वर्षी जूनअखेरीस नीलावहिनी फ्लॅट रिकामा करायला परत आल्या. नवऱ्याच्या नोकरीवरचा इकामा म्हणजे राहण्याचा परवाना, तो नवऱ्याबरोबर संपला. बरोबर त्यांची मुलगी ऋता. ही कुवेतमध्ये वाढलेली, आता पुण्यात नोकरी करते. मी कामावरून तिथे पोहोचले तेव्हा खोक्यांच्या ढिगात दोघी घामाने निथळत बसल्या होत्या. बाहेर भट्टी पेटलेली. हॉलमधला एसी बेताचाच, आणि बेडरूमचा अजून बंदच. बोर्डावर खटका खाली, त्याला लाल टॅग, त्यावर 'श्रीधर'. वहिनी आल्यापासून हॉलमध्ये जमिनीवर झोपत होत्या. इमारतीच्या हारिसने म्हणजे रखवालदाराने सकाळी मेकॅनिक आणला, त्याने पट्टी सरळ करून तोंड बसवून दिलं, पण खटक्याला वहिनींनी त्याला हात लावू दिला नाही. ऋता रडकुंडीला आली होती. "आई, प्लीज, जस्ट टेक इट ऑफ. इट्स ओन्ली अ टॅग." वहिनी म्हणाल्या, "ज्याचा टॅग, त्याचा हात."

मी त्यांच्याजवळ बसले. मग त्यांनीच विचारलं, की माणूस नसला तर कुणी काढायचा असतो गं? मी म्हटलं, साहेबाने. त्या म्हणाल्या, "ह्यांचा साहेब तर इथे नाही." मी म्हटलं, वहिनी, या घरात दादाचा साहेब कोण होतं ते सगळ्या सलव्याला ठाऊक आहे. त्या हसल्या. दादा गेल्यानंतरचं पहिलं हसू असावं. हसता हसता त्यांनी पदराने तोंड पुसलं, उठल्या, आणि पॅसेजमध्ये गेल्या. गाठ त्यांना लगेच सुटली, कारण ती त्यांनीच दादाला शिकवलेली, पोत्याला मारतात तशी. टॅग मुठीत धरून त्या बेडरूमच्या दाराकडे वळल्या. आत पलंगाची नुसती चौकट होती, आणि खिडकीत उन्हाचा पट्टा.

"आत कोणी आहे का?" वहिनींनी विचारलं. आवाज मोठा लागला, त्यांच्या नेहमीच्या आवाजाहून मोठा.

त्या थांबल्या. दादा थांबायचा तशाच, मान जराशी कलती करून. ऋता माझ्याकडे बघत होती, हे कधी संपणार अशा नजरेने, आणि मग तिनेही खाली बघितलं. खटक्यावर वहिनींचं बोट होतं आणि ते हलत नव्हतं. मला त्या गॅरेजमधला म्हातारा दिसला. त्याला तो एक शब्द उच्चारायला किती बळ लागलं असेल, हे मला त्या दिवशी कळलं. कुणीतरी सांगितल्याशिवाय त्या तिथून हलणार नव्हत्या, आणि ते ऋताच्या तोंडून यायला नको होतं, म्हणजे उरले मीच.

"माकू, वहिनी," मी म्हटलं. "कोणी नाही आत."

त्यांनी खटका वर केला. एसी घरघरला, आणि खडखड न करता चालू झाला.